नवं लिव्हर, जुनं पोट

लिव्हर ट्रान्सप्लांट झालं, पेशंट घरी आला, सगळ्यांनी पेढे वाटले... गोष्ट संपली? छे! खरी गोष्ट तिथून सुरू होते. आणि ती असते वजनाची, शुगरची, बीपीची, कोलेस्टेरॉलची. म्हणजे तुमच्या-आमच्या रोजच्या लाइफस्टाइलचीच!

माझ्या दादाकडे मर्सिडीज आहे. पार्किंगमध्ये नाही, पोटावर! लिव्हर ट्रान्सप्लांट करताना सर्जन बरगड्यांच्या खालून दोन्ही बाजूंना छेद घेतात आणि मधोमध वरच्या बाजूला एक रेघ काढतात. दिसायला थेट त्या गाडीच्या लोगोसारखा. म्हणून डॉक्टर मंडळी त्याला 'मर्सिडीज' असंच म्हणतात. माझ्या पोटावर त्यापेक्षा जरा साधं मॉडेल आहे, इंग्रजी 'जे' अक्षरासारखं. कारण ऑगस्ट २०२२मध्ये माझ्या लिव्हरचा उजवा भाग, म्हणजे साधारण साठ टक्के लिव्हर, दादाच्या पोटात गेलं.

आता सीन दुसरा. २०२४ची दिवाळी, लक्ष्मीपूजनाचा दिवस. दादा बाल्कनीत बसून हातोडी आणि खिळ्यानं बेल्टला नवीन भोक पाडत होता. ऑपरेशनच्या वेळी ५८ किलोचा हाडांचा सापळा झालेला माणूस आता ७८ किलोचा झाला होता. "छान अंगानं भरलास रे," आई कौतुकानं म्हणाली. वहिनी हसली. मीही हसले. ज्या माणसाला आपण आयसीयूच्या काचेतून पाहिलंय, त्याचं पोट सुटलेलं बघण्यासारखं सुख नाही, असंच मला त्या क्षणी वाटलं.

दोन आठवड्यांनी रुटीन चेकअपचे रिपोर्ट आले. उपाशीपोटी शुगर १३८. बीपी १५०/९६. ट्रायग्लिसराइड्स २६०. कंबर १०१ सेंटिमीटर. आमच्या डॉक्टर मॅडमनी कागद बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "लिव्हर झकास चाललंय. पण बाकीच्या तुमचं काय करायचं?"

दारू नाही, तरीही

थोडं मागे जाऊ. दादा हिंजवडीतला आयटीवाला. अमेरिकेच्या वेळेनुसार कॉल्स, रात्री साडेअकराला जेवण, दिवसभर खुर्ची, मध्येमध्ये चहा-बिस्किटं आणि कँटीनचा वडापाव. हे वाचताना तुम्हाला स्वतःचाच दिवस आठवला असेल तर सॉरी! दारूच्या थेंबालाही त्यानं कधी हात लावला नाही. पण २०१४पासून दरवर्षी ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये सोनोग्राफीच्या रिपोर्टवर दोन शब्द छापून यायचे, 'फॅटी लिव्हर'. दरवर्षी तो ते वाचायचा आणि म्हणायचा, "अरे, हे तर आमच्या टीममध्ये निम्म्यांना आहे."

निम्म्यांना असतं हे खरंच. लिव्हरमध्ये चरबी साठते, त्यातल्या काहींच्या लिव्हरला सूज येते, त्यातल्या काहींच्या लिव्हरवर वर्षानुवर्षं वण पडत जातात आणि शेवटी ते आक्रसून दगडासारखं होतं. यालाच सिरॉसिस म्हणतात. दादा त्या दुर्दैवी 'काहीं'मधला निघाला. २०२१मध्ये पोटात पाणी झालं, २०२२मध्ये रक्ताची उलटी. तेव्हा तो ४२ वर्षांचा होता.

नातेवाइकांनी अर्थातच कुजबुज केली. 'लिव्हर गेलं म्हणजे घेत असणार, सांगत नाहीत इतकंच.' त्यांना कुणीतरी सांगायला हवं की, २०२३मध्ये लिव्हरतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी या आजाराचं बारसं नव्यानं केलं. आधी त्याच्या नावात 'नॉन-अल्कोहोलिक' असं होतं, म्हणजे काय नाही तेच सांगणारं नाव. आता त्या जागी 'मेटाबॉलिक' हा शब्द आलाय. मूळ भानगड दारूची नाही, चयापचयाची आहे. वजन, शुगर, बीपी आणि रक्तातल्या चरबीची आहे, हे नावातच आलं.

डोनर म्हणून माझी तपासणी झाली तेव्हा दुसरा झटका बसला. माझ्याही लिव्हरमध्ये चरबी! फार नव्हती, पण त्या अवस्थेत ते देता येणार नव्हतं. "वजन उतरवा, मग बघू," असं सांगण्यात आलं. आठ आठवड्यांत मी सहा किलो उतरवले. रोज पहाटे वेताळ टेकडी, रात्रीचं जेवण सात वाजता, साखर बंद. पुन्हा स्कॅन केला तेव्हा लिव्हर साफ! तेव्हा लक्षात आलं, आपल्या शरीरात हा एकच अवयव असा आहे की ज्याला चांगलं वागवलं तर तो इतक्या लवकर माफ करतो. आणि पुन्हा वाढतोसुद्धा. ऑपरेशननंतर दोन-तीन महिन्यांत माझं उरलेलं लिव्हर आणि दादाला दिलेलं लिव्हर, दोन्ही वाढून आपापल्या घरच्या गरजेइतकी झाली.

आईनं आमच्या दोघांचंही बाळंतपण केलं म्हणायला हरकत नाही. डिंकाचे लाडू, साजूक तूप, शिरा. कुणी अडवणार तरी कसं?

इंजीन बदललं, गाडी तीच

तुम्ही म्हणाल, नवं कोरं लिव्हर मिळालं ना, मग शुगर-बीपी कुठून आलं? हा प्रश्न मीही विचारला. उत्तर ऐकून डोकं गरगरलं, पण समजायला सोपं आहे.

पहिलं कारण, भूक. सिरॉसिसमध्ये महिनोन् महिने तोंडाची चव गेलेली असते, दंडा-मांड्यांचे स्नायू झडतात. ट्रान्सप्लांटनंतर भूक एकदम परत येते आणि माणूस सुटतो. पण वजन वाढतं म्हणजे गेलेले स्नायू परत येतात असं नाही. बहुतेक वेळा आत भरते ती चरबी. दंड काडीसारखे आणि पोट माठासारखं, हा ट्रान्सप्लांटनंतरचा ठरलेला शेप आहे.

दुसरं कारण, स्टेरॉइड्स. दुसऱ्याचं लिव्हर शरीरानं 'परकं' म्हणून झिडकारू नये, यासाठी सुरुवातीचे काही महिने ही औषधं बहुतेकांना द्यावी लागतात. ती भूक वाढवतात, शुगर वाढवतात, बीपी वाढवतात आणि हाडं ठिसूळ करतात. इथे आमची एक गंमतशीर चूक झाली. सुरुवातीला आम्ही रोज सकाळी उपाशीपोटी शुगर बघायचो आणि ती नॉर्मल आली की टाळ्या! पण स्टेरॉइडची गोळी सकाळी घेतली की शुगर चढते दुपारनंतर. दुपारी जेवणानंतर मोजली तेव्हा कळलं. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी ही टेस्टही ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही महिन्यांत फसवू शकते. कारण तेव्हा रक्त कमी झालेलं असतं, बाहेरून रक्त दिलेलं असतं.

तिसरं कारण, टॅक्रोलिमस. स्टेरॉइड्स बहुतेकांची काही महिन्यांत बंद होतात, पण हे औषध साधारणपणे आयुष्यभराचं सोबती. तेच नव्या लिव्हरचं रक्षण करतं आणि तेच स्वादुपिंडातून इन्शुलिन सुटण्यात खोडा घालतं, किडनीतल्या रक्तवाहिन्या आवळतं, बीपी वाढवतं. सायक्लोस्पोरीन नावाचं त्याचं भावंड बीपी आणि कोलेस्टेरॉल जास्त वाढवतं. राखणदार ठेवला तर तोच रोज स्वयंपाकघरातून काहीतरी उचलतो, अशातली गत. पण त्याला काढूनही टाकता येत नाही. डॉक्टर काय करतात? रक्तातलं प्रमाण मोजत मोजत डोस लागेल तेवढाच ठेवतात.

आणि चौथं कारण सगळ्यात साधं. इंजीन बदललं तरी गाडी तीच आणि ड्रायव्हरही तोच! जनुकं तीच, घरचं जेवण तेच, ऑफिसची खुर्ची तीच. ज्या कारणांनी पहिलं लिव्हर गेलं, ती कारणं नव्या लिव्हरचा पत्ता शोधत येतातच. नव्या लिव्हरमध्येही चरबी साठू शकते.

पाचपैकी तीन!

डॉक्टर ज्याला 'मेटाबॉलिक सिंड्रोम' म्हणतात, त्याचा हिशोब शाळेच्या परीक्षेसारखा आहे. पाच प्रश्न, त्यातले तीन 'हो' आले की तुम्ही पास, म्हणजे खरं तर नापास!

१) कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटर किंवा जास्त, बायकांची ८० किंवा जास्त. (हे आपल्या भारतीयांसाठीचे आकडे. आणि पॅन्टचा साइझ सांगू नका, टेप लावा! शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध.)
२) ट्रायग्लिसराइड्स १५० किंवा जास्त.
३) 'चांगलं' कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, पुरुषांत ४०पेक्षा आणि बायकांत ५०पेक्षा कमी.
४) बीपी १३०/८५ किंवा जास्त.
५) उपाशीपोटी शुगर १०० किंवा जास्त.
(यातल्या कशासाठी आधीच गोळ्या चालू असतील तर तिथेही 'हो'च.)

लिव्हर ट्रान्सप्लांट झालेल्यांपैकी जवळपास निम्मे पेशंट पुढे कधीतरी या परीक्षेत सापडतात. आणि हे नुसतं कागदावरचं नाही. पहिलं वर्ष सुखरूप पार पडलं की पुढे जिवाला धोका बऱ्याचदा नव्या लिव्हरकडून नसतोच. तो येतो हृदयाकडून, किडनीकडून, कॅन्सर किंवा इन्फेक्शनकडून. म्हणजे एवढं जिवावरचं दुखणं पार करून माणूस शेवटी हार्ट अॅटॅकनं जाणार असेल, तर काय उपयोग?

जगेल का? ते कसं जगेल?

हा प्रश्न विचारता येणं हीसुद्धा एक चैनच आहे. १९६३मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये थॉमस स्टार्झल यांनी माणसावरचं पहिलं लिव्हर ट्रान्सप्लांट केलं. पेशंट होतं तीन वर्षांचं मूल, ते ऑपरेशन टेबलवरच गेलं. १९६७मध्ये पहिल्यांदा एक पेशंट वर्षभर जगला. १९७९मध्ये इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या रॉय कॅल्न यांनी सायक्लोस्पोरीन वापरलं आणि चित्र पालटलं. १९८४मध्ये जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीत सापडलेल्या जिवाणूपासून टॅक्रोलिमस मिळालं. नावातला पहिला 'ट' त्या त्सुकुबाचाच! भारतात अवयवदानाचा कायदा आला १९९४मध्ये, आणि १९९८च्या नोव्हेंबरमध्ये दिल्लीच्या अपोलो हॉस्पिटलमध्ये देशातलं पहिलं यशस्वी लिव्हर ट्रान्सप्लांट झालं. पेशंट होतं वीस महिन्यांचं बाळ आणि डोनर त्याचे वडील. ते बाळ पुढे मोठं होऊन स्वतः डॉक्टर झालं!

आज चांगल्या सेंटरमध्ये दहापैकी साधारण नऊ पेशंट पहिलं वर्ष पार करतात. त्यामुळे 'जगेल का' हा प्रश्न मागे पडला आणि 'कसं जगेल' हा पुढे आला. डॉक्टरांच्या भाषेत क्वालिटी ऑफ लाइफ.

ही क्वालिटी ट्रान्सप्लांटनंतर आधीपेक्षा कितीतरी सुधारते, यात वाद नाही. पण रिपोर्टमध्ये न दिसणाऱ्या गोष्टीही खूप असतात. पहिलं वर्षभर दादाचे हात थरथरायचे, टॅक्रोलिमसचा साइड इफेक्ट. बशीत चहा सांडायचा म्हणून तो चारचौघांत चहाच प्यायचा नाही. बँकेत सही जुळेना. स्टेरॉइडमुळे चेहरा गोल झाला, तर लोक म्हणाले, 'वा, तब्येत सुधारली!' पाच महिन्यांनी तो घरून काम करायला लागला, पण दुपारी तीनला बॅटरी डाउन. दमणूक अशी की झोपूनही जात नाही. रात्री झोप नाही. आणि साधी सर्दी झाली तरी मनात पाल चुकचुकते, 'रिजेक्शन तर नाही?'

मस्तानीचं भांडण

डिसेंबर २०२४. रिपोर्ट येऊन महिना झाला होता. मी दादाच्या घरी गेले, तर तो समोर मँगो मस्तानीचा ग्लास घेऊन बसलेला. मी काही बोलणार नव्हते. पण तोंडातून गेलंच.

"दादा, आत माझं लिव्हर आहे."

त्यानं चमचा खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "मग परत घे."

आठ दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. आपल्याकडे बहुतेक लिव्हरं घरातूनच येतात. बायको नवऱ्याला देते, मुलगा बापाला देतो, बहीण भावाला. त्यामुळे हे भांडणही बहुतेक घरांत होत असणार, फक्त कुणी सांगत नाही. देणाऱ्याच्या मनात कुठेतरी मालकी उरते आणि घेणाऱ्याच्या मनात कर्ज. प्रत्येक घासाला हिशोब!

शेवटी वहिनीनं फोन केला. "तो म्हणतो, दोन वर्षं मी नुसता रिपोर्ट आहे. घरात शिरलं की आई शुगर विचारते, बायको गोळ्या मोजते, बहीण ताटात डोकावते. मला कुणी ऑफिसमध्ये आज काय झालं, हे विचारतच नाही." मी गप्प झाले. कारण खरोखरच मी ते विचारलं नव्हतं.

हॉस्पिटलमधल्या काउन्सेलर बाईंनी आम्हा दोघांना एकत्र बसवलं. त्यांचं एक वाक्य माझ्या मनात घर करून बसलंय. "तुम्ही लिव्हर दिलंत. ते हप्त्यानं दिलेलं नाही, त्यामुळे हप्ते वसूल करायला जाऊ नका." मग त्या दादाकडे वळल्या. "आणि तुम्ही ते कुणाचे उपकार फेडायला सांभाळू नका. पण उद्या पायऱ्या चढताना छातीत दुखलं, तर ते तुमच्याच छातीत दुखणार आहे."

त्याच दिवशी तिथल्या डाएटिशियननं गंमत म्हणून माझ्याही कमरेला टेप लावली. ८६! मी ऑपरेशनआधी उतरवलेले सहाच्या सहा किलो व्याजासकट परत आले होते. दादाच्या ताटावर लक्ष ठेवता ठेवता स्वतःच्या ताटाकडे बघायचं राहूनच गेलं. दादा त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी मनापासून हसला.

मग काय केलं?

डाएटचं नाव काढलं की आपल्याला ओट्स आणि ऑलिव्ह ऑइल आठवतं. आमच्या घरात तसलं काही आलं नाही. ताट तेच राहिलं, वाट्यांची मापं बदलली. भात मूठभर, उसळ वाटीभर. उसळ चांगली शिजवलेली, कारण कच्च्या मोडांमध्ये जंतूंची भीती. ज्वारीची भाकरी एक, वरण घट्ट, ताक, अंडं. झडलेले स्नायू परत आणायचे तर प्रोटीन लागतं. ट्रान्सप्लांटनंतरच्या काळात वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण १.२ ते १.५ ग्रॅम प्रोटीन लागतं. किडनीवर परिणाम झाला असेल तर डॉक्टर आकडा बदलतात. पापड-लोणच्याची बरणी वरच्या फळीवर गेली. उपासाची साबुदाण्याची खिचडी म्हणजे 'एकादशी दुप्पट खाशी', हे आईला पटवायला सगळ्यात जास्त वेळ लागला. डिंकाचे लाडू? होतात, पण लिंबाएवढे आणि आठवड्यातून एक. मस्तानी? वाढदिवसाला. एक ग्लास, दोन चमचे. कारण 'कधीच नाही' म्हटलं की माणूस चोरून खातो, हे आम्ही पाहून झालो होतो.

दुसरं, चालणं. आठवड्याला निदान १५० मिनिटं जरा दम लागेल असं. पण नुसतं चालून स्नायू येत नाहीत, म्हणून आठवड्यातून दोनदा हलकी वजनं आणि खुर्चीतून हात न टेकता उठ-बस. ऑपरेशननंतर सुरुवातीचे काही महिने मात्र जड उचलायचं नाही, कारण त्या मर्सिडीजमधून हर्निया बाहेर येऊ शकतो. कधी सुरू करायचं ते सर्जनलाच विचारायचं.

तिसरं, घड्याळ. टॅक्रोलिमस सकाळी आठ आणि रात्री आठ. रोज म्हणजे रोज! गणपतीच्या आरतीत दादाच्या मोबाइलचा अलार्म वाजतो आणि आता घरातली लहान मुलंच पाण्याचा ग्लास आणून देतात.

चौथं, गोळ्या. शुगर आणि बीपीच्या गोळ्या घ्याव्या लागल्या म्हणजे आपण हरलो, असं दादाला वाटायचं. तसं काही नसतं. चालणंही हवं आणि गोळ्याही हव्यात.

थंडीनंतर मार्चमध्ये पुन्हा रिपोर्ट आले. शुगर १०९, बीपी १३२/८४, कंबर ९६. वजन फक्त चार किलो कमी. परीक्षेत अजून नापासच! पण डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "दिशा बरोबर आहे, चालत राहा." लक्षात घ्या, ही क्रिकेटची वन-डे नाही, टेस्ट मॅच आहे. आणि तीही आयुष्यभराची.

घरात कुणाचं ट्रान्सप्लांट झालं असेल तर...

- पपनस आणि ग्रेपफ्रूट बंद. गणपतीत कोकणातून आलेलं पपनस कितीही मोहात पाडो, त्यानं रक्तातलं टॅक्रोलिमस वाढू शकतं.
- टॅक्रोलिमसची रक्ततपासणी असेल त्या दिवशी सकाळची गोळी रक्त दिल्यावरच घ्या. आधी घेतलीत तर आकडा चुकीचा येतो.
- मेडिकलमधून परस्पर गोळी नको. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारखी दुखण्यावरची औषधं किडनीला महागात पडतात. काही अँटिबायोटिक्स आणि फंगसवरची औषधं टॅक्रोलिमस एकदम वाढवतात, तर टीबीवरचं रिफॅम्पिसीन ते खाली आणतं.
- काढे, चूर्णं, 'इम्युनिटी बूस्टर' नकोत. इथे इम्युनिटी मुद्दाम खाली ठेवलेली असते! २०२१मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेल्या सहा पेशंटची नोंद वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाला ती मान्य नव्हती. पण ट्रान्सप्लांटच्या पेशंटनं प्रयोग करायची ही जागा नव्हे.
- पाणीपुरी, बर्फाचा गोळा, उसाचा रस, न तापवलेलं दूध यांना लांबून नमस्कार. पहिल्या वर्षात तर नक्कीच.
- दारू आणि सिगारेट बंद. यात 'ऑकेजनली' वगैरे काही नसतं.
- मूल हवंय? होऊ शकतं. पण बहुतेक डॉक्टर निदान वर्षभर थांबायला सांगतात आणि काही औषधं आधी बदलावी लागतात. त्यामुळे प्लॅनिंग डॉक्टरांना विचारूनच.
- मन उदास असेल, झोप नसेल, बेडरूममधल्या अडचणी असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. लाजू नका, त्यांना ते अपेक्षितच असतं.

वेताळ टेकडीवर

अमेरिकेचा ख्रिस क्लुग हा स्नोबोर्डिंगचा खेळाडू. २०००च्या जुलैमध्ये त्याचं लिव्हर ट्रान्सप्लांट झालं आणि २००२च्या फेब्रुवारीत सॉल्ट लेक सिटीच्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये त्यानं ब्राँझ मेडल पटकावलं. अवयव बदललेल्यांसाठी तर १९७८पासून खास जागतिक स्पर्धा भरते, पहिली इंग्लंडमधल्या पोर्ट्समथला झाली होती. मी ही गोष्ट दादाला मोठ्या उत्साहानं सांगितली. तो म्हणाला, "बाई गं, मला ऑलिम्पिक नको. मला सोसायटीच्या क्रिकेटमध्ये पाच ओव्हर टाकायच्यात, बास."

आमच्यात आता एक करार आहे. मी त्याच्या ताटात बघायचं नाही. त्याऐवजी दर रविवारी पहाटे दोघांनी वेताळ टेकडी चढायची. वाटेत लिव्हरवर बोलायचं नाही. ऑफिस, बॉस, आयपीएल, वहिनीची तक्रार, काहीही चालेल.

गेल्या रविवारी चढावर मला दम लागला. मी कमरेवर हात ठेवून उभी राहिले. दादा वीस पावलं पुढे होता. मागे वळून ओरडला, "काय गं, चाळीस टक्क्यांत जमत नाही वाटतं?"

माझंच साठ टक्के लिव्हर माझ्यापुढे टेकडी चढत होतं आणि वर मलाच चिडवत होतं! मी हसत हसत पाय उचलला. बरोबर आठला त्याच्या खिशातला अलार्म वाजला. त्यानं थांबून गोळी घेतली, बाटली माझ्याकडे दिली आणि आम्ही पुढे निघालो.

बेल्टचं ते दिवाळीतलं भोक आता रिकामं असतं. दादा त्याच्या आधीच्या भोकावर आलाय. अजून दोन भोकं मागे जायचंय.

आणि हो, तुमच्या घरात शिवणाच्या डब्यात एक मेजरिंग टेप असेलच. गेल्या वर्षीच्या ऑफिस चेकअपच्या फाइलमध्ये 'फॅटी लिव्हर' असे दोन शब्दही असतील कदाचित. दोन्ही आजच बाहेर काढा. आपलं स्वतःचं, पहिलं, ओरिजिनल लिव्हर अजून माफ करायच्या मूडमध्ये आहे, तोवरच!